कोकणची हडळ, सर्बियाचा व्हँपायर आणि गोवंडीचे कबरस्तान

विवेकवादी — व्हँपायर म्हटले की वाचकाला ट्रान्सिल्व्हानियातला किल्ला आठवतो, पण या समजुतीबद्दलचे सर्वांत गाजलेले सरकारी कागद सर्बियातले आहेत आणि ते ब्रॅम स्टोकरच्या ‘ड्रॅक्युला’ या १८९७ च्या कादंबरीपेक्षा दीडशेहून अधिक वर्षांनी जुने आहेत. १७१८ च्या पासारोवित्सच्या तहाने उत्तर सर्बिया तुर्कांकडून ऑस्ट्रियाच्या हाब्सबुर्ग सत्तेकडे गेला आणि जर्मनमध्ये अहवाल लिहिणारे अधिकारी त्या खेड्यांत पोहोचले. १७२५ मध्ये किसिल्येवो गावी पेतार ब्लागोयेविच नावाचा शेतकरी वारला, त्यानंतर आठ दिवसांत नऊ माणसे दगावली, आणि तो रात्री येऊन गळा दाबतो असे त्यांनी मरण्यापूर्वी सांगितल्याचे गावकरी म्हणू लागले. फ्रोम्बाल्ड या अधिकाऱ्याच्या देखत कबर उघडली गेली, प्रेताच्या तोंडाशी रक्त दिसले, छातीत खुंटा ठोकून प्रेत जाळण्यात आले आणि ही बातमी व्हिएन्नाच्या वृत्तपत्रात छापून आली. १७३२ च्या जानेवारीत मेद्वेद्या गावी योहान फ्ल्यूकिंगर या लष्करी शल्यवैद्याने तशाच अनेक कबरी उघडून पाहिल्या; त्याच्या अहवालामुळे व्हँपायर हा विषय युरोपभर चर्चेचा झाला. या अहवालांतली निरीक्षणे बहुतेक खरी आहेत, निष्कर्ष मात्र चुकले आहेत. पुरलेल्या देहात वायू साठून तो फुगतो, त्या दाबाने काळपट रक्तमिश्रित द्रव तोंडा-नाकातून बाहेर येतो, वरची कातडी सुटून खालची ताजी दिसते, आणि खुंटा ठोकताना छातीतला वायू घशातून निघाला की प्रेत कण्हल्याचा आवाज होतो. पॉल बार्बर या अमेरिकन अभ्यासकाने १९८८ च्या ग्रंथात हे सारे कलमवार मांडले आहे. तेव्हा व्हँपायर म्हणजे कुजण्याच्या क्रियेचे चुकीचे वाचन होय, आणि जेथे प्रेत जाळले जाते तेथे वाचायला देहच उरत नसल्याने मराठी भुताखेतांशी त्याची तुलना करणे व्यर्थ आहे. रिचर्ड बर्टनने वेताळाच्या कथांना १८७० मध्ये ‘विक्रम अँड द व्हँपायर’ असे नाव दिले, ते इंग्रज वाचकाला ओढून घेण्यासाठी. त्या कथांतला वेताळ स्मशानातल्या झाडावर लटकणाऱ्या प्रेतात शिरून राजाला कोडी घालतो, कोणाचे रक्त पीत नाही.

लोकविद्याप्रेमी — बार्बरचे स्पष्टीकरण मान्य करूनही एक प्रश्न जागेवरच राहतो. कुजण्याची क्रिया सगळ्यांच्या बाबतीत घडते, मग गावाने सगळ्या कबरी का उघडल्या नाहीत? मेद्वेद्यातला ज्याच्यापासून हे प्रकरण सुरू झाले तो अर्नाउट पाव्ले गवताच्या गाडीवरून पडून मेला होता, आणि एका व्हँपायरने आपल्याला पूर्वी छळले होते असे तो जिवंतपणीच सांगत असे. म्हणजे देह उकरण्यापूर्वीच संशयाची निवड झालेली होती. दिमित्री झेलेनिन या रशियन अभ्यासकाने १९१६ मध्ये या निवडीचा नियम मांडला. पूर्व स्लाव्ह खेड्यांत मृतांचे दोन वर्ग मानले जात. आयुष्य पुरे करून गेलेले ते पितर, त्यांचे स्मरण करायचे. आणि बुडून, फास लावून, प्रसूतीत किंवा लग्नाआधी गेलेले ते आयुष्याचा उरलेला काळ या जगातच काढणारे मृत, त्यांना जमीन स्वीकारत नाही अशी समजूत असे. आता कोकणाकडे पाहावे. मुंज होऊन सोडमुंजीपूर्वी वारलेला ब्राह्मण मुलगा मुंजा होऊन पिंपळावर राहतो; बाळंतपणात गेलेली स्त्री हडळ होते; बुडालेला माणूस गिऱ्हा होऊन पाण्याशी वाटसरूला ओढतो; मागे वंश नसलेला किंवा पुरलेल्या धनात जीव अडकलेला समंध होतो. देह जळून राख झाला तरी वर्गवारी तीच राहते, यावरून असे दिसते की वर्गवारीचे मूळ देहाच्या कुजण्यात नसून अपुऱ्या राहिलेल्या आयुष्यात आहे. आणखी एक साम्य तर थक्क करणारे आहे. बाळंतपणात गेलेल्या स्त्रीला स्मशानाकडे नेताना वाटेवर राळ्याचे दाणे टाकीत जाण्याची चाल कोकणात नोंदलेली आहे, कारण ते सगळे वेचून मोजल्याशिवाय तिला घरी परतता येणार नाही असे मानले जाई. स्लाव्ह प्रदेशांत याच हेतूने कबरीत खसखस किंवा बाजरीसारखे बारीक धान्य टाकत. दोन्ही ठिकाणी मृताला मोजदादीत गुंतवून ठेवण्याची युक्ती एकच आहे, आणि तिचा कुजण्याशी काडीचाही संबंध नाही.

विवेकवादी — साम्य आकर्षक आहे हे खरे. पण ही कोकणी यादी कोणी लिहिली, हेही पाहिले पाहिजे. रेजिनाल्ड एन्थोवेन या सनदी अधिकाऱ्याने १९१५ मध्ये कोकणातील लोकसमजुतींचे जे टिपण प्रसिद्ध केले, त्याची सामग्री ए. एम. टी. जॅक्सन यांनी गोळा केलेली होती. हेच जॅक्सन नाशिकचे कलेक्टर असताना २१ डिसेंबर १९०९ रोजी अनंत कान्हेरे यांच्या गोळीला बळी पडले. जॅक्सन यांनी प्रश्नावली पाठवली, आणि उत्तरे आली ती गावोगावच्या शाळामास्तरांकडून. या उत्तरांतून तयार झालेल्या यादीत ब्राह्मणाचे भूत वेगळे, क्षत्रियाचे वेगळे, कोळ्याखारव्याचे वेगळे, गावकुसाबाहेरच्याचे वेगळे. सधवेचे, विधवेचे आणि बाळंतिणीचेही वेगळेच. जिवंतपणी ज्या उतरंडीत माणूस राहिला, तीच उतरंड मेल्यावरही त्याच्या नावाला चिकटवणारी ही नोंदवही आहे. तिच्यात अपुऱ्या आयुष्याबद्दल हळहळ दिसते, असे म्हणणे म्हणजे तिला नको तेवढे मोठे मन बहाल करणे होय. हडळीचेच उदाहरण पाहावे. ज्या काळी सुईण सोडून दुसरी मदत मिळत नव्हती, त्या काळी बाळंतपणात मरण येणे ही स्त्रीवर कोसळलेली आपत्ती होती. पण लोकसमजुतीने त्या स्त्रीलाच उलट्या पायांची, पुरुषांना झपाटणारी, दुसरीच्या बाळावर टपलेली बाई करून टाकले. जिच्यावर अन्याय झाला तिच्याच नावाने इतरांना भीती घालायची आणि तिच्या वाटेत दाणे टाकून तिला घराबाहेर ठेवायचे, याला शोक म्हणता येत नाही. घराने आपल्या अंगावर आलेला दोष मृत स्त्रीच्या अंगावर ढकलला, एवढेच या समजुतीतून सिद्ध होते.

लोकविद्याप्रेमी — दोष ढकलला जातो हे नाकारण्याचे कारण नाही. पण आपण फक्त भीतीची बाजू मोजता आहात, देवाणघेवाणीची बाजू सोडून देता आहात. मराठी मुलखात भुतांचा राजा मानलेला वेताळ गावचा राखणदारही आहे. वेंगुर्ले तालुक्यातील आरवलीच्या वेतोबाला भाविक चामड्याच्या मोठ्या वहाणा वाहतात, कारण तो रात्री गावाभोवती फेरी घालतो आणि त्याच्या वहाणा झिजतात अशी श्रद्धा आहे. गोव्यात आमोणे आणि लोलये येथे बेताळ ग्रामदैवत म्हणून पुजला जातो. जो भयाचा धनी, त्यालाच वहाणा देऊन पहाऱ्यावर उभे करायचे, असा व्यवहार खुंटा ठोकणाऱ्या खेड्याला सुचला नाही. दहाव्या दिवशी पिंडाला कावळा शिवत नाही तेव्हा जमलेले आप्त मृताची राहिलेली इच्छा ओळखण्याचा प्रयत्न करतात, मुलीचे लग्न करून देऊ, धाकट्याला सांभाळू, असे एकेक वचन मोठ्याने देतात आणि कावळ्याची वाट पाहतात. कावळ्याला त्यातले काय कळते हा प्रश्न बाजूला ठेवला, तरी चार माणसांसमोर दिलेले ते वचन जिवंतांना बांधून ठेवते. दुसरी गोष्ट साथीच्या रोगांची. सर्बियातल्या दोन्ही प्रकरणांत गावात एकापाठोपाठ मृत्यू झाले आणि त्यांचा दोष पहिल्या मृतावर गेला. १८९२ मध्ये अमेरिकेतल्या ऱ्होड आयलंड राज्यात क्षयाने मेलेल्या एका तरुणीचे प्रेत याच समजुतीने उकरून तिचे काळीज जाळले गेले. महाराष्ट्रात पटकी आली तेव्हा लोकांनी मरीआईचा गाडा शिवेबाहेर नेला, देवी आल्या तेव्हा रोग्याच्या अंगी देवीच आली असे मानून त्याला कडुलिंबाच्या पाल्यावर निजवले. कुर्ला आणि अंधेरी यांच्या मधल्या वस्तीला अजून जरीमरी हे साथीच्या देवीचेच नाव आहे. या मुलखाने साथीचा दोष शेजारच्या मृतावर कधी टाकला नाही, देवीच्या रोषावर टाकला. वैद्यकाच्या दृष्टीने दोन्ही समजुती सारख्याच चुकीच्या आहेत, पण एका चुकीत शेजाऱ्याची विटंबना होते आणि दुसरीत होत नाही.

विवेकवादी — शेजाऱ्याची विटंबना होत नाही, हे विधान सातपुड्यात टिकत नाही. नंदुरबार-धुळ्याच्या आदिवासी पट्ट्यात घरात आजार आला, मूल दगावले, की गावातली एखादी बाई डाकीण ठरवली जाते. तिला मारहाण होते, गावाबाहेर घालवले जाते, कधी जीवही घेतला जातो. आणि मैदानी मुलखातही हिंसा टळलेली नाही, फक्त तिची जागा बदलली आहे. येथेच मघाशी व्यर्थ म्हटलेली तुलना उपयोगी पडते, हे मान्य करावे लागेल. सर्बियात मृताचा देह हाती होता, म्हणून खुंटा त्या देहात ठोकला गेला आणि निदान त्याला वेदना तरी झाल्या नाहीत. महाराष्ट्रात मृताची राख झालेली असते, तो कोणाच्या तरी अंगात शिरला असे मानावे लागते, आणि मग त्याला हुसकण्यासाठी जे करायचे ते जिवंत माणसाच्या अंगावर केले जाते. २०१३ च्या जादूटोणाविरोधी अधिनियमाची अनुसूची वाचली की हे स्पष्ट होते. भूत उतरवण्याच्या निमित्ताने दोराने किंवा साखळीने बांधणे, काठीने वा चाबकाने मारणे, चपला भिजवलेले पाणी पाजणे, मिरचीची धुरी देणे, छताला टांगणे, या गोष्टी तेथे एकेक करून गुन्हा ठरवल्या आहेत, आणि कायद्याला त्या नावानिशी लिहाव्या लागल्या त्या अर्थी त्या घडत होत्या. हा कायदा व्हावा म्हणून अनेक वर्षे झटणारे नरेंद्र दाभोलकर यांचा २० ऑगस्ट २०१३ रोजी पुण्यात खून झाला. त्यानंतर काही दिवसांतच सरकारने वटहुकूम काढला आणि डिसेंबरात विधिमंडळाने कायदा संमत केला. युरोपात हेच काम १७५५ मध्ये झाले. मोराव्हिया आणि सिलेसियाच्या सीमेवरच्या एका गावात प्रेत उकरून जाळल्याचे कळताच सम्राज्ञी मारिया थेरेसा हिने चौकशी लावली, तिचा वैद्य गेरार्ड व्हान स्वीटेन याने या साऱ्यामागे अज्ञान आणि भीती असल्याचा निर्वाळा दिला, आणि सरकारच्या परवानगीवाचून प्रेत उकरणे, त्याला खुंटा ठोकणे, जाळणे यांवर बंदी आली. दोन कायद्यांत अडीचशे वर्षांहून अधिक अंतर आहे, आणि या अंतरात मराठी समाजाने भुताच्या नावाखाली किती जिवंत अंगांवर वळ उमटवले याचा हिशेब लोकविद्येच्या कोणत्याही संग्रहात सापडत नाही.

लोकविद्याप्रेमी — वळांचा हिशेब संग्रहांत नाही, हा आक्षेप लोकविद्येच्या शाखेने मुकाट्याने ऐकून घ्यावा असाच आहे. तरी दोन्ही कायद्यांचे स्वरूप नीट पाहिले पाहिजे. दोघेही कृत्याला शिक्षा देतात. २०१३ च्या कायद्यात ती सहा महिन्यांपासून सात वर्षांपर्यंत कैद आणि पाच हजारांपासून पन्नास हजारांपर्यंत दंड अशी आहे. समजूत कोणत्या गरजेतून जन्मली याची विचारपूस कायदा करीत नाही, आणि ते त्याचे कामही नव्हे. कल्याणजवळच्या हाजी मलंगच्या डोंगरावर किंवा भीमा-अमरजेच्या संगमावरच्या गाणगापुरात बाधा झालेली म्हणून आणलेली बाई जेव्हा घुमू लागते, तेव्हा तिच्या तोंडून सासू, नवरा, पडलेले मूल, बळकावलेले शेत यांबद्दलचे जे निघते ते तिने घरात बसून बोलावे असे घर तिला कधी लाभलेले नसते. मृताच्या नावाने बोलल्यामुळे ऐकणाऱ्यांना ते ऐकणे भाग पडते. हे बोलणे ज्याने बंद केले त्याने दुसरी जागा दिली का, हा प्रश्न विवेकाच्या चळवळीलाही विचारता येतो. आणि त्यामागचा मोठा प्रश्न असा की जिवंत समाजावर मृतांचे काही देणे असते का. झेलेनिनने वर्णिलेल्या रशियन खेड्यांत ज्यांना नीट पुरले जात नव्हते, त्यांची प्रेते एका सामाईक खड्ड्यात ठेवीत आणि ईस्टरनंतरच्या सातव्या गुरुवारी गावकरी जमून त्यांना माती देत, प्रार्थना करीत. सर्वपित्री अमावस्येला तिथी ठाऊक नसलेल्यांसाठीही घास काढून ठेवला जातो. भीतीच्या पोटी का होईना, पण बेवारस मृताचे आपण काही लागतो ही जाणीव या विधींनी टिकवून ठेवली.

विवेकवादी — देणे असते हे मान्य आहे. पण ते भीतीवाचून चुकवता येत नाही, हे गृहीत धरण्याचे कारण नाही. या बाबतीत मराठी मातीतच एक मोठा प्रयोग झालेला आहे. १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपुरात डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी धम्मदीक्षा घेतली आणि जमलेल्या अनुयायांना बावीस प्रतिज्ञा दिल्या, त्यांत श्राद्ध आणि पिंडदान न करण्याचीही प्रतिज्ञा आहे. ज्या समाजाला वतनाच्या नावाखाली दुसऱ्यांच्या मृत्यूची वर्दी गावोगाव पोहोचवावी लागे, स्मशानात लाकडे न्यावी लागत, मेलेली ढोरे ओढावी लागत, त्या समाजाने मृत आणि जिवंत यांच्यामधला हा जुना व्यवहारच एका दिवसात नाकारला. पिंड नाही म्हणजे अतृप्त पितर नाही, अतृप्त पितर नाही म्हणजे त्याची शांती करणारा मध्यस्थ नाही. म्हणून या समाजाची मृतांबद्दलची आठवण पुसट झाली का? ६ डिसेंबरला दादरच्या चैत्यभूमीवर लाखोंचा समुदाय जमतो, तो कोणाच्या अतृप्त आत्म्याला भिऊन जमत नाही. शाळामास्तरांच्या यादीत ज्यांच्या मृतांना सर्वांत क्रूर भुतांचे दर्जे मिळाले होते, त्यांनीच स्मरण आणि भय यांची फारकत करून दाखवावी, याहून सबळ उत्तर लोकविद्येला कोणी दिलेले नाही.

लोकविद्याप्रेमी — उत्तर सबळ आहे आणि त्यावर प्रतिवाद करण्यासारखे काही नाही. तरी ते एका महापुरुषाच्या स्मरणाला लागू पडते, ज्याच्यामागे इतिहास आणि चळवळ उभी आहे. नावगाव नसलेल्या मृताचे काय, हे त्यावरून ठरत नाही. यासाठी दूर जाण्याची गरज नाही, मुंबईच्या हार्बर मार्गावरचे गोवंडी पुरेसे आहे. आपल्या पहिल्या युक्तिवादाची परीक्षाही तेथेच होते. जेथे पुरतात तेथे व्हँपायर असा नियम धरला, तर एवढ्या मोठ्या मुस्लिम वस्तीत, जेथे प्रत्येक मयत मातीत जाते, ही समजूत आढळायला हवी होती. तेथे जिनाचे, आसेबाचे बोलणे ऐकू येते, परतून रक्त पिणाऱ्या मृताचे येत नाही. तो नियम इस्लामने अडवला असे म्हणावे, तर सोळाव्या शतकात ऑटोमन साम्राज्याचा प्रमुख धर्माधिकारी एबुस्सूद एफेंदी याने बाल्कनातल्या अशाच त्रासदायक प्रेतांबद्दल फतवे दिलेले आहेत, आणि त्यांत खुंटा ठोकावा, तेवढ्याने न भागल्यास डोके तोडावे, शेवटी जाळावे, असा क्रम आहे. कबरी उघडल्याने संशय वाढतो असे म्हणावे, तर मुंबईतल्या कबरस्तानांत जागेअभावी तीच कबर काही काळाने पुन्हा उघडून दुसऱ्या मयतासाठी वापरावी लागते, आणि खाडीकाठच्या ओल्या, हवा न खेळणाऱ्या जमिनीत देह सावकाश कुजतो हे शास्त्रही सांगते. म्हणजे अर्धवट कुजलेला देह नजरेस पडण्याची शक्यता किसिल्येवोहून येथे कमी नाही. तरीही कोणी खुंटा शोधत नाही. आणखी जमीन मिळावी म्हणून महापालिकेकडे अर्ज करतात. देह तोच, माती तशीच, निष्कर्ष मात्र वेगळा निघतो, याचा अर्थ बार्बरचे उत्तर आवश्यक असले तरी अपुरे आहे.

विवेकवादी — अपुरे आहे हे खरे, आणि ते पुरे करण्यासाठी देहापेक्षा गावातल्या सत्तेकडे, वैरांकडे आणि नुकत्याच येऊन गेलेल्या युद्धांकडे पाहावे लागेल, हेही खरे. पण गोवंडीचे नाव या चर्चेत आले की एक धोका संभवतो, तो वेळीच सांगितला पाहिजे. शहराचा कचरा १९२७ पासून देवनारच्या क्षेपणभूमीत येतो, १९७१ पासून कत्तलखाना तेथेच आहे, आणि २००९ च्या मुंबई मानव विकास अहवालात एम-पूर्व हा तेथला प्रभाग शेवटच्या क्रमांकावर होता. अशा वस्तीला शहराचे स्मशान म्हणणे, तिथल्या माणसांना जिवंत प्रेते म्हणणे हे लिहिणाऱ्यांना फार सोपे जाते आणि वाचणाऱ्यांना हळवे करते. जुन्या लोकांनी बाळंतिणीची हडळ केली, नवे लेखक गोवंडीतल्या बैंगणवाडीच्या रहिवाशांची भुते करतात. दोन्हींत सोसणाऱ्यालाच अमंगळ ठरवले जाते. २०२२ च्या अखेरीस मुंबईत गोवराची साथ आली, तिची सुरुवात गोवंडीत दिसली आणि लहान मुले दगावली. त्या वेळी उपयोगी पडले ते घरोघर जाऊन लस न मिळालेली मुले शोधणे, त्यांना लस आणि जीवनसत्त्व अ देणे, आणि ताप-पुरळाच्या रुग्णांची नोंद ठेवणे. मेद्वेद्यात १७३२ च्या आधीच्या तीन महिन्यांत सतरा माणसे गेली, तेव्हा शल्यवैद्याने कबरी मोजल्या, रोगी मोजले नाहीत. मृतांकडे पाहण्यात गुंतलेला समाज जिवंतांकडे पाहायला उशीर करतो, एवढाच धडा त्या अहवालातून घेण्यासारखा आहे.

लोकविद्याप्रेमी — इशारा योग्य आहे आणि तशी उपमा टाळणेच बरे. प्रश्न मात्र मागे घेता येत नाही, कारण मृतांकडे पाहणे आणि जिवंतांकडे पाहणे ही दोन वेगळी कामे आहेत असे आपण धरून चालला आहात, आणि गोवंडीत ती वेगळी राहत नाहीत. आईला पुरायला जागा शोधणारा माणूस जिवंत असतो. त्याला एका कबरस्तानातून दुसऱ्याकडे पाठवले जाते तेव्हा अपमान जिवंताचाच होतो. भीतीवाचून देणे चुकवता येते, हे आपले म्हणणे पटण्यासारखे आहे. पण भीती गेल्यावर ते देणे कोण वसूल करणार, हे त्यात सांगितलेले नाही. खेड्यात ते काम मुंजा, समंध, वेताळ यांच्या धाकाने होई, वाईट रीतीने आणि निरपराधांना छळून होई, तरी होई. शहरात ते कोणाच्या धाकाने व्हावे?

विवेकवादी — कायद्याच्या. मृताची सन्मानाने व्यवस्था लावणे हे महापालिकेचे वैधानिक कर्तव्य आहे आणि ते न केल्यास नागरिक न्यायालयात जाऊ शकतो. हा धाक अमावस्येची वाट पाहत नाही, आणि बाळंतीण, विधवा, अविवाहित किंवा कोळी असा भेदही करीत नाही.

लोकविद्याप्रेमी — तो धाक किती पोहोचतो याची नोंदही उपलब्ध आहे. पूर्व उपनगरांत मुस्लिमांसाठी आणखी दफनभूमी हव्यात म्हणून गोवंडीच्या रहिवाशांनी मुंबई उच्च न्यायालयात जनहित याचिका केली, आणि जून २०२४ मध्ये न्यायालयाने दिरंगाईबद्दल महापालिकेला कडक शब्दांत सुनावले. याचिकेत तीन जागांची चर्चा होती. पहिली देवनारमधली, दुसरी रफीक नगरला लागून असलेली, जेथे पूर्वी कचरा टाकला जात असे, आणि तिसरी गोवंडीहून सुमारे आठ किलोमीटरवर आणिक गावात, तेलशुद्धीकरण कारखान्याच्या शेजारी.